लोकप्रिय विज्ञानाचा इतिहास करायचाय, पण साधनं कुठे शोधू?

म्हापशाहून एका मुलीचं पत्र आलंय. एमए हिस्टरीचं दुसरं वर्ष चालू आहे, बारावीपर्यंत सायन्स होतं, आणि डिझर्टेशनसाठी तिला सामान्य माणसांपर्यंत विज्ञान कसं पोचलं याचा इतिहास करायचाय. ती लिहिते, 'लायब्ररीत शास्त्रज्ञांची चरित्रं मिळतात, बाकी काहीच मिळत नाही. सर म्हणतात विषय बदल नाहीतर गार्सिया द ओर्ता घे, आणि आई विचारते यात पुढे नोकरी कसली?'

अगं बाय, विषय बदलू नकोस. तू साधनं शोधतेयस पण भलत्याच कपाटात शोधतेयस. शास्त्रज्ञांची चरित्रं, त्यांचे पेपर, संस्थांचे रिपोर्ट हे सगळं विज्ञान कसं घडलं त्याचं साधन झालं. ते लोकांपर्यंत कसं गेलं, लोकांनी ते मानलं की नाही मानलं, हे सापडतं रोजच्या वर्तमानपत्रात, पंचांगात, शाळेच्या पुस्तकात, वाचकांच्या पत्रव्यवहारात, रेडिओच्या कार्यक्रमपत्रिकेत, अगदी जाहिरातीतसुद्धा. या कागदांवर कुठेही 'विज्ञान' असा शिक्का नसतो म्हणून कॅटलॉगमध्ये तो शब्द टाकून शोधलंस तर हाती काही लागणार नाही. आधी एक घटना धर, तारीख धर, मग त्या तारखेचे कागद मागव.

सरांनी सुचवलेला ओर्ता म्हणजे गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य, त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलेलं, फार मोठी गोष्ट आहे ती, पण त्यावर आधीच भरपूर लिहिलं गेलंय आणि जुनी पोर्तुगीज वाचता आल्याशिवाय एमएच्या वेळेत तू नवीन काय सांगणार? मला तुझ्यासाठी एक वेगळाच विषय दिसतो, १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण. त्याच्या सावलीची मध्यरेषा आपल्या शेजारी, कारवारच्या खाली अंकोल्यावरून गेली. एकीकडे ते बघायला शास्त्रज्ञ आले आणि दुसरीकडे माणसं दारं-खिडक्या लावून घरात बसली, मुंबईसारख्या शहरात भर दुपारी रस्ते ओस पडले होते. आणि मग २४ ऑक्टोबर १९९५ चं ग्रहण बघ, त्या वेळी लोक गॉगल लावून, गच्चीवर चढून, मुलांना घेऊन बघताहेत. मधल्या पंधरा वर्षांत असं काय झालं? १९८७ ची देशभर विज्ञानाचा प्रचार करत फिरलेली भारत जन विज्ञान जत्था, दूरदर्शनवरचे विज्ञानाचे कार्यक्रम, की शाळा, की नुसतं काळाबरोबर आलेलं धाडस? हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे आणि गोव्यापुरता तो कुणी नीट विचारलाय असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता बघ, १९८० साली गोव्यात 'गोमन्तक' मराठीत निघत होता, 'नवहिंद टाइम्स' इंग्रजीत होता आणि 'हेराल्ड' तेव्हा अजून पोर्तुगीजच होता, तो इंग्रजी झाला १९८३ मध्ये. म्हणजे एकच ग्रहण, एकच गोवा, आणि तीन भाषांतले तीन वाचकवर्ग. असं साधन दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्याला सहज मिळत नाही गं! पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत जा, काउंटरवर 'ग्रहणावर काही आहे का' असं विचारू नकोस, '१९८० च्या जानेवारी ते मार्चच्या पेपरांच्या बांधीव फाइली' असं माग. आणि नुसता १७ तारखेचा अंक बघून उठू नकोस. निदान दोन आठवडे आधीपासून पान न् पान चाळ. वेधाच्या वेळा कुठल्या पानावर दिल्यात, डोळ्यांच्या डॉक्टरांचा इशारा कुठे आहे, शाळा-ऑफिसबद्दल काही सूचना आहे का, गरोदर बायकांबद्दल काय लिहिलंय, संपादकांना कुणी रागावून पत्र लिहिलंय का. प्रत्येक नोंदीला पेपरचं नाव, तारीख, पान, कॉलम लिही आणि बातमीच्या शेजारी काय छापलंय तेही लिही, कारण वेधाची वेळ आणि शास्त्रज्ञाची मुलाखत एकाच पानावर शेजारी-शेजारी आली तर ती जागासुद्धा तुझा पुरावा आहे. मोबाइलवर फोटो काढायचे तर आधी परवानगी घे.

छापील मजकुराबद्दल एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव, छापलंय म्हणून ते खरं नसतं. विजयदुर्गचंच घे, तुझ्यापासून फार लांब नाही. किल्ल्यावर दुर्बिणी ठेवायला केलेले चौथरे आहेत, लोक त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात, आणि दर ऑगस्टमध्ये मेसेज फिरतो की इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८ ला इथून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच. ते ग्रहण बघायला गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन, लॉकियरने आपलं निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केलं, तेही ग्रहण नसताना. तो विजयदुर्गला आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. 'नेचर' हे साप्ताहिक १८६९ पासून तोच चालवत होता त्यामुळे त्या मोहिमेच्या हकिकती त्यात आल्या, आणि ते जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. पण म्हणून ही चुकीची गोष्ट फेकून द्यायची नाही! ती पहिल्यांदा कुठे छापून आली, कुणी उचलली, फलकावर आणि लेखात कशी गेली, हाच लोकप्रिय विज्ञानाचा इतिहास आहे. तुझ्या प्रबंधात यावर एक प्रकरण नक्की होईल.

मराठी बाजूसाठी आधी शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची बघ. तुझं वर्ष त्यात नाही, पण १८०० पासून मराठीत विज्ञानावर काय काय पुस्तकं निघाली याचा अंदाज येतो. नियतकालिकांत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' १८४० चं, 'सृष्टिज्ञान' १९२८ पासूनचं, आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ ला स्थापन झाली, तिच्या पत्रिकेचे १९८० च्या आसपासचे अंक तुला थेट उपयोगाचे आहेत. पर्वरीचं झेवियर सेंटर ही इतिहास संशोधनाची संस्था आणि पणजीचं पुराभिलेखागार पुढे पोर्तुगीज काळात शिरलीस तर लागेल, आत्ता तिथे अडकू नकोस.

आईंना सांग की काळजी बरोबर आहे. 'लोकप्रिय विज्ञानाचा इतिहासकार' अशी जाहिरात कधी येत नाही आणि सरळ प्राध्यापकीच्या जागा थोड्या असतात. म्हणून नेट-जेआरएफची तयारी एमएबरोबरच सुरू ठेव, पीएचडीला फेलोशिप मिळाली तर घरावर भार पडत नाही. त्याशिवाय दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, विज्ञान केंद्रं आणि म्युझियम आहेत, मिरामारचं सायन्स सेंटर तू बघितलंच असशील, आणि विज्ञान पत्रकारिता आहे. सायन्स कळणारी आणि जुने कागद वाचता येणारी मुलगी या सगळ्या ठिकाणी वेगळी उठून दिसते, हे मी धीर द्यायला म्हणून सांगत नाहीये. पोर्तुगीज मात्र आजच शिकायला लाग, पणजीत सोय आहे, 'हेराल्ड'ची ग्रहणाची बातमी स्वतः वाचता येईल एवढी तरी.

आणि फाइली बघता बघता घरातल्या, वाड्यावरच्या साठी ओलांडलेल्या माणसांना विचारायला घे. 'तुम्ही अंधश्रद्धा पाळलीत का' असं विचारलंस तर समोरचा माणूस मिटतो. 'त्या शनिवारी दुपारी घरात काय चाललं होतं, कोण काय म्हणालं, जेवण कधी झालं' असं विचार. रेकॉर्ड करायच्या आधी संमती लिहून घे, तारीख आणि गाव नोंदव, आणि कोकणीत बोलले तर आधी कोकणीतच जसंच्या तसं उतरवून काढ, मराठी नंतर कर.