आर्टेमियाला लागतं ते पाणी वेगळं, कोळंबीचं वेगळं
या आठवड्यात दोन प्रश्न आलेत. एकाची आर्टेमियाची (कोळंबीच्या पिल्लांना खाऊ घालतात तो खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) अंडी फुटतच नाहीत, आणि दुसऱ्याला व्हनामी जातीच्या कोळंबीच्या तळ्यातच आर्टेमिया वाढवून खाद्याचा खर्च वाचवायचाय.

पहिल्या भाऊंना आधी विचारतो, पाणी कसलं घेतलंत? नळाचं असेल तर त्यातला क्लोरीन आधी घालवा. मग लिटरला 25 ते 30 ग्रॅम मीठ, तापमान 28 च्या आसपास, पीएच 8 च्या वर (उतरला तर थोडा खायचा सोडा), सुरुवातीला चांगला उजेड आणि खालून अशी जोरात हवा की एकही अंडं तळाशी बसता कामा नये. लिटरला 2 ग्रॅमपेक्षा जास्त अंडी घालू नका, ऑक्सिजन पुरत नाही. साधारण 24 तासांत पिल्लं दिसतात, आणि ती लगेच खायला घाला हो, उशीर केला की अंगातला साठा संपतो आणि खाद्य म्हणून कस उतरतो. एवढं करूनही फुटली नाहीत तर डबा बघा, अंड्यांना दमट लागलं की ती वाया जातात.

आता दुसरा प्रश्न. आर्टेमियाला स्वतःचा बचाव करताच येत नाही, म्हणून ती मिठागरात, जिथे मासे टिकत नाहीत तिथेच फोफावते, 100 पीपीटीच्याही (म्हणजे लिटरला साधारण 100 ग्रॅम मीठ) वर जगते. तुमच्या 15-20 पीपीटीच्या तळ्यात ती मरणार नाही पण कोळंबी तिला शिल्लकच ठेवणार नाही, आणि गोड्या पाण्यात तर काही तासांत मरते. तेव्हा वेगळ्या टाकीतच करा.

व्हनामी कमी खारात पण निघते, पण बोअरच्या पाण्यात नुसता खार बघून भागत नाही, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी असलं की कात टाकताना मर होते आणि आपण रोग रोग करत बसतो. म्हणून या दोन्हींची तपासणी करूनच बीज (कोळंबीची पिल्लं) आणा. बीज सोडताना त्याच्या आणि तळ्याच्या पाण्यातला फरक हळूहळू, तासागणिक थोडा थोडा कमी करा. स्कॅम्पीचं (गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी) तर उलटंच, अळ्यांना 12 पीपीटीच्या आसपासचं मचूळ पाणी लागतं आणि मोठी झाली की गोड्यात वाढते.

आणि ऑक्सिजन दुपारी मोजून मला कळवू नका, पहाटे उजाडायच्या आधी मोजा, तेव्हाच तो सगळ्यात खाली असतो. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली दिसला तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लगेच चालू करा.