छत्तिसाव्या वर्षी एमबीबीएस?

प्रश्न : माझं वय ३६. शिवाजी विद्यापीठातून जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली, मग पुण्यात मधुमेहावरच्या प्रकल्पांत काम केलं. आता कोल्हापुरातच असते. नमुन्याच्या ट्यूबवर नुसता नंबर, मागचा माणूस कधी दिसत नाही, याचा कंटाळा आलाय. एमबीबीएस करावं असं मनानं घेतलंय. वयाची अट आहे का? पीएच.डी.मुळे एखादं वर्ष माफ होतं का? मुलगी सातवीत आहे. सासरे म्हणतात, ‘आता डॉक्टर व्हायची पाळी लेकीची.’
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : वयाची वरची अट २०२२ मध्येच निघाली. पूर्वी खुल्या गटाला २५ वर्षं होती. माफ मात्र काहीच होत नाही. पहिल्याच वर्षी बायोकेमिस्ट्रीचा पेपर तुम्हालाही द्यावा लागेल, आणि तो तपासणारा तुमच्याहून लहान असू शकतो. हे पचणार असेल तरच पुढं वाचा.

खरी खिंड ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेची. ३ तासांत १८० प्रश्न, ७२० गुण. बायोलॉजीचे ३६० तुमच्या आवाक्यात आहेत, पण फिजिक्सचे १८० आहेत आणि बारावीनंतर तुम्ही कपॅसिटरकडं बघितलंही नसणार. चुकलं की एक गुण कापतात. त्यात संशोधकाची एक खोड आड येते. प्रश्न वाचला की ‘कुठल्या परिस्थितीत?’ असं डोक्यात येतं. तिथं एनसीईआरटीच्या पुस्तकात छापलंय तेच उत्तर. शंका घ्यायची सवय तेवढे ३ तास घरी ठेवायची.

आता वर्षं मोजू. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, तर तुमची फायनल आणि लेकीची बारावी एकदमच येते. सरकारी सीट असेल तर वर्षभराची बंधपत्रित सेवा, एमडी करायचं तर आणखी ३ वर्षं. शिवाय आपलं शाहू महाराज मेडिकलच मिळेल असं धरून चालू नका, रत्नागिरी किंवा नंदुरबारही मिळेल. तुम्ही तिकडं असताना रात्री घरी कोण असणार, हे सासऱ्यांशी आत्ताच बोला. त्यांच्या टोमण्यामागं बहुधा हीच काळजी आहे.

मी बरीच वर्षं ॲनाटॉमी शिकवली. डिसेक्शन हॉलमध्ये काखेतल्या चरबीतून चिमट्यानं एकेक नस सोडवायची, डोळ्यांना फॉर्मॅलिन झोंबतं, जेवताना बोटांचा वास जात नाही. वयानं मोठ्या विद्यार्थ्यांचा हात सहसा स्थिर असतो. नावं मात्र पोरांना पटकन पाठ होतात, आणि परीक्षा नावांचीच. पहिलं वर्ष ४ प्रयत्नांत सुटलं नाही तर अभ्यासक्रम तिथंच संपतो, हेही ठाऊक असू द्या.

माझं मत विचारलंत तर, आधी एक सकाळ सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर बसा. केसपेपरची रांग बघा, शाहूवाडी-गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली माणसं बघा, आणि आत एकेकाला किती मिनिटं मिळतात तेही बघा. तुम्हाला त्यांच्याशी बोलायचंय, त्यांचा आजार घरात कसा वागतो ते समजून घ्यायचंय, तर त्याला एमबीबीएस लागत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पांत नॉन-मेडिकल संशोधकांच्या जागा असतात, वॉर्डात जाऊन काम करता येतं. पण पोटावर हात ठेवून ‘आज ऑपरेशन’ किंवा ‘उद्या बघू’ हे स्वतः ठरवायचं असेल, तर दुसरा रस्ता नाही. मग वय आड आणू नका.

काम चालू ठेवूनच अकरावीचं फिजिक्स उघडा, दिवाळीपर्यंत गणितं सुटतायत का बघा. खासगी किंवा अभिमत कॉलेजच्या फीचा आकडा आधी घरात मांडा, तो लाखांत आहे. आणि बारावीची मार्कशीट शोधून ठेवा. खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के लागतात, पीएच.डी. असली तरी.