म्युनिकची ऑफर, मुलाची शाळा आणि आपलं प्रॉडक्ट मार्केटिंग

तुम्ही विचारलंय, नागपूरला मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षं प्रॉडक्ट मार्केटिंग केलंय, आता म्युनिकची ऑफर आहे, मुलगा सात वर्षांचा आहे. आत्ताच जावं की दोन वर्षांनी? आणि इंग्रजीवर भागेल का, कारण लिहायचं काम आता एआयच करतो. मीही नागपूरची, धरमपेठची. काम हेच. २०१७च्या सप्टेंबरपासून म्युनिकमध्ये आहे. दोन ओळींत उत्तर देणार होते, पण जमलं नाही.

ब्लू कार्ड (इथे राहून काम करायचा परवाना), त्यासाठीची पगाराची अट, विमा हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे. तिथे नसलेलं सांगते. माझ्या पहिल्या वर्षाच्या मार्कशीटवर ‘नागपूर विद्यापीठ’ आहे आणि पदवीवर ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’, कारण २००५ मध्ये नाव बदललं. कागद तपासणाऱ्या खिडकीतल्या बाईंना ती दोन वेगळी विद्यापीठं वाटली. त्यात दहावीच्या सर्टिफिकेटवर मधलं नाव बाबांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. चार महिने मी एकच बाई आहे हे सिद्ध करत होते. आजही आठवलं की डोकं तापतं. तुमच्या बायकोचे सगळे कागद आज रात्रीच काढा आणि नावं ताडून बघा.

आता कामाचं. मी सुरुवात केली तेव्हा प्रॉडक्ट मार्केटिंग म्हणजे ब्रोशर, लाँचचा कार्यक्रम आणि सेल्सवाल्यांना स्लाइड्स करून देणं. नंतर सॉफ्टवेअर वर्गणीवर विकलं जाऊ लागलं. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी सोडून जाऊ शकतं म्हटल्यावर, ते का घेतं, का टिकतं, का जातं, हे सांगायचं काम आपल्याकडे आलं. मे २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपायचा कायदा, लागू झाला, तेव्हा विकत घेतलेल्या याद्यांवर मेल धाडायची सवयही मोडावी लागली. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ज्या मजकुराला मला आठवडा लागायचा त्याचा कच्चा खर्डा दहा मिनिटांत, तोही जर्मनमध्ये, व्हायला लागला. त्यावरून तुम्ही म्हणताय की भाषा लागणार नाही. माझा अनुभव नेमका उलटा आहे. लिहिणं स्वस्त झालं, म्हणून ऐकणं महाग झालं. आता आपला पगार ऐकण्याचाच आहे.

एक प्रसंग सांगते. एक मोठी ऑर्डर हातातून गेली होती. ती का गेली हे विचारायला मी आणि एक जर्मन सहकारी ऑग्सबुर्गजवळच्या एका कारखान्यात गेलो. खरेदी विभागाचे साहेब माझ्याशी तासभर छान इंग्रजीत बोलले: किंमत जास्त वाटली. मी तसं लिहून घेतलं. निघताना जिन्यात ते सहकाऱ्याला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. मला फक्त ‘नाख्टशिष्ट’, रात्रपाळी, एवढंच कळलं. गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं: रात्रपाळीचे फोरमन हातमोजे घालून काम करतात, आमच्या स्क्रीनवरची बटणं त्यांना दाबताच येत नव्हती. किमतीचा काही संबंध नव्हता. माझे बाबा गांधीबागेत कापड विकायचे. बाई ‘महाग आहे’ म्हणून उठली की ते म्हणायचे, भावाचं नाही, तिने पदर उजेडात नेऊन धरला होता, रंग पटला नाही. त्यांचं सगळं शहाणपण मराठीत होतं. मी माझं नागपुरात ठेवून आले होते.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार पडतो तेव्हा जास्त. त्याने कोणी मरत नाही, पुढे चला.

शाळेचं मात्र नीट वाचा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीत, मे महिन्यात, मूल पुढे कुठल्या शाळेत जाणार याचा दाखला मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली, दहावीपर्यंतची), नाहीतर मिटलशूल (हातच्या कामधंद्याकडे नेणारी). इथे १ म्हणजे सर्वांत चांगला. वेगळी परीक्षा देऊन वर जाता येतं, नंतरही वाटा आहेत, पण नऊ-दहा वर्षांच्या पोराची वर्गवारी होते ती होतेच. माझी मुलगी तिसरीत आली. हातात दोन वर्षंही नव्हती.

चौथीतल्या बैठकीला नवरा दौऱ्यावर होता. मी मुलीला सोबत नेलं, दुभाषी म्हणून. बाई बोलायच्या आणि ती स्वतःबद्दलचंच मला मराठीत सांगायची: “त्या म्हणतात मी वर्गात गप्प असते. रेआलशूल बरी.” धरमपेठच्या घरात जिला आजी ‘अगं, श्वास तरी घे’ म्हणायची, तिच्याबद्दल हे. मला ओरडून सांगायचं होतं की ही गप्प नाही, तिला अजून शब्द सापडलेले नाहीत. मी मान हलवली. म्हटलं, ‘डांके’, धन्यवाद. शब्दांवर पोट भरणारी बाई मी, आणि तिथे माझ्याकडे तेवढा एकच शब्द होता.

ती यंदा दहावीत आहे, रेआलशूलमध्येच, मजेत आहे. गेल्या महिन्यात भांडी लावताना सहज म्हणाली, “त्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, घरी कोणी जर्मन बोलतं का. मी तुला सांगितलं नाही. मी म्हटलं, आई बोलते.”

मी त्या बैठकीच्याच महिन्यात जर्मनचा क्लास लावला होता.

म्हणून आत्ताच या, दोन वर्षांनी नको. दोन वर्षांनी आलात तर मुलगा थेट चौथीत बसेल आणि मे महिना आठ महिन्यांवर असेल. सप्टेंबरच्या मध्यात इथे शाळा सुरू होते, तेव्हा ऑगस्टमध्ये रुजू होण्याची तारीख मागून घ्या, आणि ऑफरवर सही करण्याआधी कंपनीकडून तुमच्या आणि बायकोच्या जर्मन क्लासची फी लेखी मागा. सहीनंतर कोणी देत नाही. निघण्याआधी रोज एक तास जर्मन, दोघांनीही. शाळेच्या बैठकीआधी काय बोलायचं ते मला पाठवा, मी ते जर्मनमध्ये करून देईन. पण तिथे वाचायचं तुम्ही.