डोस शोधण्याच्या चाचणीत प्रत्येक गटात किती रुग्ण घ्यावेत?

प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) आणि चार डोस असे पाच गट आहेत, सॅम्पल साइझचं सूत्र सांगा, असं तुम्ही विचारलंय. आकडे देतो. पण चाचणी संपल्यावर तुम्हाला काय कळायला हवंय? औषध लागू पडतं का, की कोणता डोस पुढे न्यायचा? बहुतेक प्रोटोकॉलमध्ये पहिल्या प्रश्नासाठी काढलेला आकडा दुसऱ्या प्रश्नासाठीही खपवला जातो, आणि याची मला मनापासून चीड आहे.

सर्वांत मोठ्या डोसचा परिणाम अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनइतका (रुग्णारुग्णांतल्या नेहमीच्या फरकाच्या निम्मा), पॉवर (खरा परिणाम चाचणीत पकडला जाण्याची शक्यता) 80 टक्के, दुबाजू अल्फा (परिणाम नसताना आहे असं ठरण्याची शक्यता) 5 टक्के धरा. एकाच डोसची प्लासिबोशी तुलना असेल तर गटात साधारण 64 रुग्ण लागतात. चारही डोस वेगवेगळे ताडून बॉनफेरोनी लावलात (अल्फा चार तुलनांत वाटलात) की 90 च्या आसपास, म्हणजे एकूण 450. डोस समान अंतरावर असतील आणि परिणाम सरळ रेषेत वाढत असेल, तर सगळे गट एकत्र घेऊन चढ तपासणाऱ्या एका ट्रेंड टेस्टला गटात 51 पुरतात, एकूण 255. रेषा सरळ आहे हे आधी कोणालाच माहीत नसतं, म्हणून एमसीपी-मॉड या पद्धतीत वक्राचे, म्हणजे डोसबरोबर परिणाम कसा वाढतो त्या आलेखाचे, चार-पाच संभाव्य आकार आधीच लिहून ठेवतात. युरोपच्या ईएमए या औषध नियामक संस्थेने ही पद्धत 2014 मध्येच मान्य केली.

हे सगळं मी एका टीमप्रमुखांना बैठकीत समजावून सांगितलं होतं. दीर्घकाळ घ्यायचं औषध होतं. मी पाच गट मागत होतो, त्यात एक अगदी लहान डोसही होता. ते म्हणाले, "मॉडेल म्हणजे तुमचे अंदाज. मला पी-व्हॅल्यू दाखवा. दोनच डोस घेऊ आणि गट मोठे ठेवू." (पी-व्हॅल्यू म्हणजे परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता.) दुसरा डोस पहिल्याच्या दुप्पट ठरला. निकाल आला तेव्हा दोन्ही डोस प्लासिबोपेक्षा सरस होते आणि एकमेकांत फरक जवळपास नव्हता. सगळे खूश. पण याचा सरळ अर्थ असा की आपण वक्राच्या सपाट माथ्यावर उभे आहोत आणि चढ कुठे संपला ते आपल्याला दिसलेलंच नाही. लहान डोसच्या निम्म्यानेही काम भागलं असतं का, हे मी विचारलं, मिनिट्समध्ये नोंदवायला लावलं. तरीही फेज 3 मध्ये, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या चाचणीत, मोठाच डोस गेला. दुष्परिणामांमुळे रुग्ण गळत राहिले आणि शेवटी कमी डोसची वेगळी चाचणी करावी लागली. माझ्या आराखड्यातल्या जादा गटांना लागले असते त्याहून जास्त रुग्ण त्या चाचणीत गेले.

हे छोट्या औषधांपुरतंच घडतं असं समजू नका. सोटोरासिब या कर्करोगावरच्या औषधाला 2021 मध्ये रोज 960 मिलिग्रॅमवर मंजुरी देताना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 240 मिलिग्रॅमशी तुलना करून दाखवण्याची अट घातली होती.

तेव्हा सूत्राच्या मागे लागू नका, सिम्युलेशन करा. वक्राचे चार-पाच आकार घ्या, प्रत्येकावर हजारो चाचण्या चालवा आणि योग्य डोस किती वेळा निवडला जातो ते मोजा. डोसचा परिणाम आहे एवढं ओळखायला पुरणारे रुग्ण नेमका डोस ठरवायला सहसा अपुरे पडतात. ते परवडत नसेल तर प्रोटोकॉलमध्ये तसं स्पष्ट लिहा. रुग्ण मोजकेच असतील तर गट लहान करा, पण डोसचा पल्ला आखडू नका. "दोन डोस पुरेत" म्हणणाऱ्याला विचारा, दोन बिंदूंतून वक्र कसा काढणार?

वरचे आकडे गळती न धरता आहेत. 15 टक्के गळती अपेक्षित असेल तर 0.85 ने भागा. आणि तुमची चाचणी कर्करोगाची फेज 1 (सुरक्षित डोस शोधणारी पहिली चाचणी) असेल तर यातलं फारसं लागू नाही, तिथे पॉवर काढतच नाहीत. मात्र 3+3 (तीन-तीन रुग्णांच्या तुकड्यांत त्रास किती जणांना झाला ते पाहून डोस वाढवण्याचा नियम) वर विसंबू नका: 30 टक्के रुग्णांत विषारी ठरणारा डोसही त्या नियमातून 49 टक्के वेळा पुढे सरकतो. सहापैकी एकालाही त्रास झाला नाही, तरी खरं प्रमाण 39 टक्क्यांपर्यंत असू शकतं. तिथे सीआरएम किंवा बॉइन या डोस वाढवण्याच्या सांख्यिकी पद्धती वापरा.