मनाली–लेह सायकलने: सपोर्टची गाडी पुढे पाठवू नका

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून लिहायला बसलो. "गाडी सकाळीच पुढे पाठवू, म्हणजे मुक्कामाला पोचेपर्यंत तंबू आणि जेवण तयार असेल." तुम्ही बाराजण जुलैअखेर मनालीहून लेहला सायकलने निघताय, बरोबर एक टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आणि एवढ्यात भागेल का असं विचारलंय. भागेल. फक्त ते वाक्य आधी खोडा. सराव किती, सायकल कुठली, गिअर कसले यात मी शिरत नाही, ते तुमच्या ग्रुपला माहीत असणारच.

आमची गाडी एका कार्यालयातून ठरवली होती. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा तिकडेच वळते, आणि असली कार्यालयं एक सोडून दुसरी सापडतात. काउंटरवरचा माणूस फार गोड. सपोर्ट लागेल म्हटलं, "हो सर." दिवसभर आमच्याबरोबर राहायचं म्हटलं, "हो सर, तेच तर आमचं काम." ड्रायव्हरच्या हातात जो कागद गेला त्यावर मात्र मुक्कामाच्या गावांची नावं आणि 'मनाली–लेह ड्रॉप' एवढंच होतं. त्याच्या लेखी आम्ही नेहमीचे टुरिस्ट, फक्त हौसेने सायकली आणलेले. तो रोज सकाळी सामान भरायचा, थेट मुक्कामाला जायचा आणि गाडीत ताणून द्यायचा. केलाँग, जिस्पापर्यंत काही बिघडलं नाही. उंची तीन हजार मीटरच्या आसपास, वस्ती आहे, फोन लागतो.

बारालाचाच्या दिवशी बिघडलं. खिंड साधारण ४,८९० मीटरवर. सूरजताल तलावाच्या अलीकडे ढग खाली आले आणि पावसात बर्फ मिसळून पडायला लागलं. आमच्यातल्या एकाचं डोकं सकाळपासून दुखत होतं, आता त्याला उलट्या सुरू झाल्या. जाड जॅकेटं, कोरडे हातमोजे, औषधांची पेटी, ऑक्सिजनचा सिलिंडर, सगळं गाडीत, आणि गाडी खिंडीपलीकडे सरचूला. फोनला रेंज नाही. शेवटी एका ट्रकवाल्याने त्याला सायकलसकट उचलून सरचूला नेलं. सरचू ४,२९० मीटरच्या आसपास, म्हणजे सहाशे मीटर खाली. तेवढ्याने त्याला उतार पडला. त्या ट्रकवाल्याने पैसे घेतले नाहीत. कार्यालयाने मात्र परत आल्यावर हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबल्याचे, जास्तीचे पैसे लावले. सपोर्टचं काय झालं विचारलं, तर तोच गोड माणूस म्हणतो, "गाडी लेहला पोचली ना सर?" डिपॉझिटसाठी पुढे किती फोन केले ते सोडा. साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला, साहेब गावाला. असो.

ड्रायव्हरला मी दोष देत नाही. आम्हाला काय हवंय हे त्याला कळल्यावर पुढचा सगळा रस्ता तो सोन्यासारखा वागला. म्हणून सांगतो, बुकिंग कुठेही करा, पण गाडीवर जो माणूस बसणार आहे त्याच्याशी आदल्या संध्याकाळी चहा पीत स्वतः बोला आणि त्याच्याच कागदावर लिहून घ्या: गाडी शेवटच्या सायकलमागे राहील, रस्त्यात थांबेल, सायकली आणि माणसं उचलेल. त्याचं जेवण, त्याची झोपायची सोय, वेटिंगचे पैसे हेही तिथेच ठरवा. तो उपाशी राहिला तर तुमचा सपोर्टही उपाशी.

मागे राहायचं म्हणजे ताशी सात-आठच्या वेगाने सायकलला चिकटून रांगायचं नाही. क्लच जातो, आणि वळणावर मागे ट्रकची रांग लागते. आमच्याकडे शेवटी बसलेली पद्धत अशी: रुंद जागा बघून गाडी उभी करायची आणि शेवटचा भिडू समोरून गेल्याशिवाय हलवायची नाही. तो गेल्यावर अर्धा तास थांबून निघायचं, त्याला गाठायचं, पण ओलांडायचं नाही. शेवटचा भिडू ठरलेला असावा, शक्यतो तुमच्यातला सगळ्यात शांत माणूस. पुढचे जोरात जाणारे कुरकुरतील की आमचं जेवण कोण बघणार. सीझनमध्ये झिंगझिंगबार, भरतपूर, सरचू, पांग इथे ढाब्यांचे तंबू असतात. डाळभात, मॅगी, ऑम्लेट मिळतं. खावं मुकाट्याने. आणि गाडी कुठेही असो, वाऱ्या-पावसाचं जॅकेट, एक गरम थर आणि हातमोजे प्रत्येकाच्या सायकलवरच हवेत.

मी डॉक्टर नाही, तेव्हा डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, किती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. मला जे खटकतं ते वेगळं. उंचीचा त्रास वाढला की खाली उतरा, हा सल्ला सगळे देतात. या रस्त्यावर खाली आहे कुठे? सरचूत रात्री कोणी आजारी पडलं तर मागे बारालाचा, पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला आणि पाच हजार मीटरच्या वरची लाचुलुंग ला या खिंडी. पांग स्वतःच ४,६०० मीटरच्या आसपास. तिथून पुढे मोरे मैदान आणि ५,३२८ मीटरची टांगलांग ला खिंड. कुठूनही उतरायचं म्हटलं तरी आधी चढायचं. म्हणून तिथे गाडीच ॲम्ब्युलन्स, आणि रात्री तिच्यात डिझेल आणि जागेवर ड्रायव्हर हवाच. गाडीत बसायचं की नाही हे आजाऱ्याने ठरवायचं नाही. ते लीडरने ठरवायचं, आणि हे मनालीतच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. वर गेल्यावर प्रत्येकाला वाटतं आपण ठीक आहोत.

डिझेलवरून आठवलं. केलाँगच्या अलीकडे तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे. सायकलींमागे थांबत-निघत जाणारी गाडी नेहमीपेक्षा जास्त पिते. कॅन भरून घ्या.

पहिल्या दिवसाचीही एक मेख आहे. तुम्ही रोहतांगची खिंड चढून जाणार, पण गाडीला रोहतांगचं परमिट नसेल तर ती अटल बोगद्यातून जाईल. म्हणजे २,०५० मीटरवरून ३,९७८ मीटरपर्यंतची सगळी चढाई तुम्ही गाडीविना करणार. एकतर परमिट आधी काढा (मंगळवारी रोहतांग टुरिस्ट गाड्यांना बंद असतो), नाहीतर गाडी खिंडीपलीकडे कोकसरला थांबवा आणि त्या दिवशी चढावरच्या मऱ्हीच्या ढाब्यांवर भिस्त ठेवून ज्याने-त्याने आपलं सामान वाहावं. कार्यालयं हे आपणहून सांगत नाहीत. आम्हाला तर "परमिट तुमचं तुम्ही बघा" हे निघायच्या आदल्या रात्री ऐकवलं.

बाकी सुटं सुटं सांगतो. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं चालत नाहीत, दोन-तीन जणांकडे पोस्टपेड ठेवा. कोणाच्या नातेवाइकाने परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर नेऊ नका, परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं बेकायदा आहे आणि लोक खरंच अडकलेत. नाले सकाळी ओलांडा. दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढतं. टपावर सायकली बांधायला जुन्या ट्यूब न्या, दोरीने फ्रेम खरवडते. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर बसतो तो तुकडा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, ज्याने-त्याने आपला जादा घ्यावा. तिथे कुठेही मिळणार नाही.

लेहहून पुढे खारदुंग ला खिंडीचा बेत असेल (जुनी पाटी १८,३८० फूट म्हणायची, खरी उंची ५,३५९ मीटर, पण फोटो सगळे पाटीशेजारीच काढतात), तर मनालीची टॅक्सी त्यासाठी धरू नका. लेहची टॅक्सी युनियन बाहेरच्या टॅक्सीला स्थानिक फेऱ्या करू देत नाही. गाडी लेहमध्ये सोडा आणि तिथलीच दुसरी घ्या. आणि हो, त्या ड्रायव्हरशीही आधी स्वतः बोला.