रानातल्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी ब्रिटनीचं पिल्लू घ्यायचं आहे. चॅम्पियन बापाचं घ्यावं की साध्या शिकारी जोडीचं?

साध्या शिकारी जोडीचं घ्या. चॅम्पियन बापाचं घ्यायचंच असेल, तर तो बाप रानातल्या पक्ष्यावर कसा चालतो हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ते दाखवायला मालक तयार नसेल, तर विषय तिथेच संपला.

ब्रिटनी ही पक्ष्याचा वास येताच जागीच थांबून तो कुठे आहे ते दाखवणारी शिकारी कुत्र्यांची जात. तुमच्यासमोर दोन वेतं आहेत. एकाचा बाप फील्ड ट्रायलचा, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेचा, चॅम्पियन आहे. दुसऱ्याचे आईबाप दर हंगामात ग्राउज आणि वुडकॉक या रानपक्ष्यांच्या शिकारीला जातात, पण त्यांच्या नावामागे एकही पदवी नाही. शिवाय सातव्या आठवड्यात पिल्लांची चाचणी घ्यावी का, नर घ्यावा की मादी, आणि ब्रिटनीऐवजी स्मॉल मुन्स्टरलँडर ही दुसरी शिकारी जात चालेल का, हेही तुम्ही विचारलं आहे. त्यातल्या पहिल्या प्रश्नावरच मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या कुत्रीची जोड ठरवताना मी नेमका हाच वाद घातला आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझी ब्रिटनी लहान चणीची, केशरी-पांढरी. दिसायला चारचौघींसारखी, पण दाट झाडीत तिच्याइतकं शहाणं नाक मी फार कमी पाहिलं आहे. तिच्या नितंबांच्या सांध्यात दोष नाही हे एक्स-रेत दिसलं आणि जोड लावायची वेळ आली, तेव्हा ओळखीच्या एका नावाजलेल्या ब्रीडरने आपला चॅम्पियन नर देऊ केला. सगळे म्हणाले, अशी संधी दवडू नकोस, पिल्लं जन्मायच्या आधी खपतील. मी एकच अट घातली: हा नर मला ग्राउजच्या रानात चालताना बघायचा आहे, आणि तिथे आधी सोडून ठेवलेला एकही पक्षी नको. त्या गृहस्थांना राग आला, पण ते आले.

त्या जंगलात अ‍ॅस्पेनची कोवळी दाटी होती, खाली ओलसर भागात अल्डर. ग्राउजला आवडते तशीच जागा. नर देखणा होता यात वाद नाही. मोकळा सुटला तो बघता बघता गळ्यातल्या घंटीच्या आवाजापलीकडे गेला. घंटी थांबली तेव्हा आम्ही काट्याकुट्यातून वाट काढत पोहोचलो. तो उभा होता, चित्र काढावं असा. आम्ही दिसताच त्याने एक पाऊल पुढे टाकलं. मग अजून एक. आणि समोरच्या सूचिपर्णी झाडाच्या पलीकडून पंखांचा गडगडाट करत ग्राउज उडाला. बंदूक खांद्याला लागायच्या आत तो नाहीसा झाला होता. दिवसभर असंच चाललं. एकदा तर तो बराच वेळ ताठ उभा राहिला आणि समोर काहीच नव्हतं. पक्षी पायीपायी केव्हाच निघून गेला होता, आणि त्याच्या मागावर सरकायचं असतं हे त्या कुत्र्याला ठाऊकच नव्हतं.

यात त्या बिचाऱ्या जनावराचा दोष नाही. त्याच्या ट्रायल मोकळ्या मैदानात, पंच घोड्यावर, आणि पक्षी म्हणजे पिंजऱ्यात वाढवून गवतात सोडलेले लावे. असा लावा कुत्रा हातभर अंतरावर आला तरी दबून बसतो. त्याच्यावर तयार झालेला कुत्रा शिकतो की जवळ जाण्यात काही धोका नाही. अशा कुत्र्यांतूनच पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, तर वेग आणि डौल उरतो आणि सावधपणा झिजतो. रानातला ग्राउज दबाव सहन करत नाही. कुत्र्याने पहिल्या खात्रीच्या वासाला, लांबूनच थांबायला हवं. पक्षी चालू लागला तर बेताने मागे जायला हवं आणि पुन्हा थांबायला हवं. हे दोन्ही गुण ज्याच्यात आहेत, तोच माझ्या लेखी शिकारी कुत्रा.

ब्रीडरचं म्हणणं असं, की हे सगळं शिकवता येतं, दहा-वीस ग्राउज उडाले की कुत्रा आपोआप शहाणा होतो. काही होतात, मान्य. रानातला पक्षीच कुत्र्याचा खरा गुरू, हेही मान्य. पण ज्याच्या रक्तात सावधपणा आहे तो मोजक्या पक्ष्यांत शिकतो, आणि ज्याच्या रक्तात नाही तो हंगामच्या हंगाम पक्षी उडवत राहतो. प्रशिक्षणाने झाकलेली उणीव पिल्लांत उतरते, प्रशिक्षण उतरत नाही. जोड लावताना मला पहिल्या प्रकारचं रक्त हवं होतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि आमचं बोलणं तिथेच तुटलं.

नंतर त्याच रानात मी दुसरा एक नर पाहिला. नऊ वर्षांचा, थोबाड पांढरं पडलेलं, मालकाने त्याला कधी स्पर्धेत नेलेलं नाही. त्याची घंटी सतत ऐकू येईल एवढ्याच टप्प्यात होती. ती थांबली तेव्हा तो वाऱ्याकडे मान उंच करून उभा होता, एक मागचा पाय अजून जमिनीला टेकलेला नव्हता, नाकपुड्यांच्या कडा तेवढ्या हलत होत्या. समोर वीसेक पावलांवर एक पडलेलं खोड होतं. आम्ही बाजूने पुढे सरकलो आणि त्याची मान किंचित वळली: पक्षी चालू लागला होता. त्याने चार पावलं टाकली, थांबला, मग माग सोडून दिला आणि कुणी काही न सांगता मोठा वळसा घेऊन खोडाच्या पलीकडून आला. आता पक्षी त्याच्या आणि आमच्या मध्ये होता. नेच्याच्या पानांखाली मला तो दिसला, तुरा उभारलेला, मान लांब केलेली. कुत्रा पुतळ्यासारखा. तो पक्षी आमच्या अंगावरून उडाला तेव्हा कुत्र्याने जागा सोडली नाही.

जोड मी त्याच्याशी लावली. त्या वेतातली जवळपास सगळी पिल्लं पहिल्याच हंगामात रानातल्या पक्ष्यावर थांबली. ब्रीडर अजूनही त्याला योगायोग म्हणतात आणि आपल्या नराच्या एका गाजलेल्या मुलाचं नाव पुढे करतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. वेताचा कस त्यातल्या सर्वांत हुशार पिल्लावर लागत नाही, सर्वांत साध्या पिल्लावर लागतो. ज्याच्याकडून पिल्लू घ्याल त्याला विचारा: तुमच्या मागच्या वेतातलं सगळ्यात कमी जमलेलं पिल्लू कुठे आहे आणि काय करतं? त्याच्या मालकाशी बोला. जो ब्रीडर फक्त ताऱ्यांची नावं सांगतो, त्याच्याकडे बाकीच्यांचा हिशेब नसतो, किंवा सांगण्यासारखा नसतो.

आणि आईकडे बघा. सगळे बापाची चौकशी करतात, कारण बापाच्या नावाने जाहिरात होते. पिल्लाचं निम्मं रक्त आईचं, आणि वर पहिले आठ आठवडे तेही तिच्याच सहवासात जातात. आई बुजरी, आवाजाला दचकणारी असेल तर पिल्लांना दोन्हीकडून तेच मिळतं. आजीही शिकारी होती का, ते विचारा.

वंशावळीचा कागद मागा, पण पदव्या वाचायला नव्हे, तेच तेच नाव किती वेळा येतं ते बघायला. सावत्र भाऊ-बहिणीच्या जोडीतून अंतःप्रजननाचं प्रमाण १२.५ टक्के येतं, सख्ख्यांच्या जोडीतून २५ टक्के. एकच गाजलेला नर सगळीकडे वापरला की ही नावं गुपचूप जमा होत जातात. नितंबांची तपासणी दोन्ही पालकांची हवीच. अमेरिकेतली ओएफए संस्था अंतिम प्रमाणपत्र २४ महिन्यांनंतरच देते, पेनहिप या एक्स-रेच्या पद्धतीने १६ आठवड्यांपासून मोजमाप करता येतं. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या कुत्रीचं वेत, ‘एक्स-रे नंतर काढू’ असं म्हणत कुणी विकत असेल तर घेऊ नका. जन्मतः आखूड शेपटीच्या दोन ब्रिटनींची जोड लावणारेही टाळा. त्या जनुकाच्या दोन प्रती आल्या की गर्भ पोटातच मरतो आणि वेत लहान होतं. ज्या ब्रीडरला हे माहीत नाही त्याला इतर पुष्कळ गोष्टीही माहीत नसणार.

सातव्या आठवड्यातल्या चाचणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. काठीला दोरी, दोरीला पंख, आणि त्यापुढे गोठून उभं राहिलेलं पिल्लू. फोटो छान येतो. पण ते डोळ्यांनी पाहून थांबलेलं असतं, नाकाचा त्यात काही संबंध नाही. चांगल्या वेतातली बहुतेक पिल्लं हे करतात. खालचा-वरचा जबडा जुळतो का, पिल्लू नव्या जागेत धीटपणे फिरतं का, माणसाकडे येतं का, एवढं बघा. आईबाप बरोबर असतील तर त्यानंतर कुठलंही उचला.

अमेरिकन ब्रिटनी की फ्रेंच, हा प्रश्नही पुढे येईलच. जातीचा पहिला क्लब १९०७ साली फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात, लूदेआकला निघाला. अमेरिकन केनेल क्लबने १९३४ मध्ये नोंद घेतली आणि १९८२ मध्ये नावातलं ‘स्पॅनियल’ काढून टाकलं, कारण हा कुत्रा स्पॅनियलसारखा पक्षी उठवत नाही, पॉइंट करतो, म्हणजे थांबून जागा दाखवतो. फ्रेंच धाटणीचा कुत्रा आटोपशीर, मानकानुसार नराची उंची ४८ ते ५१ सेंटिमीटर, साधारणपणे जवळ राहून काम करणारा. त्यांना काळा रंग चालतो, अमेरिकन मानकाला चालत नाही, पक्ष्याला दोन्हीचं सोयरसुतक नसतं. दाट झाडीसाठी मी फ्रेंच रक्ताकडे झुकेन.

स्मॉल मुन्स्टरलँडर उत्तम जात. जर्मनीत त्यांचा क्लब १९१२ पासून आहे आणि शिकारीच्या परीक्षा दिल्याशिवाय तिथे प्रजननाला परवानगी मिळत नाही, म्हणजे सरासरी टिकते. मी मघापासून जे बोलतोय ते तिथे नियमातच आहे. पाण्यातून पक्षी आणणं, जखमी पक्ष्याचा माग काढणं हेही हवं असेल तर तोच घ्या. फ्रेंच स्पॅनियल या आणखी वेगळ्या जातीकडे वळलात तर पंजे चावून जखमी करून घेण्याच्या आनुवंशिक आजाराची डीएनए चाचणी दोन्ही पालकांची झाली आहे का, ते विचारा.

आता काही गोष्टी माझ्या बोलण्याला छेद देणाऱ्या. सगळ्या ट्रायल सारख्या नसतात. जंगलात पायी चालत, रानातल्या ग्राउज-वुडकॉकवर होणाऱ्या कव्हर डॉग ट्रायल आहेत. फ्रान्समध्ये वसंतात जोडीने राहणाऱ्या तित्तरांवर ट्रायल होतात आणि वुडकॉकवर वेगळ्या. तिथली पदवी असेल तर ती खरी कमाई आहे, आणि तुमच्यासमोरच्या त्या चॅम्पियनची पदवी कुठली आहे ते आधी तपासा. नावडा या उत्तर अमेरिकेतल्या शिकारी कुत्र्यांच्या संस्थेची, उपजत गुण तपासणारी नॅचरल अ‍ॅबिलिटी परीक्षा १६ महिन्यांच्या आत द्यावी लागते. एकाच वेतातल्या बऱ्याच पिल्लांनी ती दिलेली असेल तर तो निकाल माझ्या शब्दांपेक्षा भारी समजा. आणि माझा सगळा अनुभव झाडीतला. तुम्ही माळावरच्या ग्राउजवर किंवा डोंगर चढत पळणाऱ्या चकोरांवर जाणार असाल, तर लांब धावणारा कुत्राच लागतो, आणि तिथे मी नाकारलेला तो नर कदाचित चांगली पिल्लं देईल. अर्थात त्याला आधी पक्षी न उडवता थांबावं लागेल. हे सगळं जिथे परवान्याने शिकार कायदेशीर आहे तिथल्यापुरतं.

नर की मादी? मादी घ्या. एक-दोन हंगाम ती रानात कशी चालते ते बघेपर्यंत तिचं नसबंदीचं ऑपरेशन करू नका. ती चांगली निघाली तर जोड कोणाशी लावायची हे तुमच्या हातात राहील, आणि नराचा मालक कितीही मोठा असला तरी ‘आधी रानात दाखवा’ असं त्याला सांगता येईल.