डिप्लोमा करून वर्कशॉपमध्ये राबलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरच्या हातून खरंच मोठा शोध लागू शकतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की डिप्लोमानंतर काही वर्षं टूलरूममध्ये काढली, आता डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला आहात, आणि वर्गातली मुलं म्हणतात की मधली वर्षं फुकट गेली. शिवाय विचारलंय की अशा वाटेने गेलेल्या कोणी औद्योगिक यंत्रांत नाव घेण्यासारखं काही केलं आहे का.

केलं आहे. त्याचं नाव अल्बर्ट किंग्सबरी. मोठ्या यंत्रांच्या शाफ्टचा भार तेलाच्या पातळ थरावर पेलणारं बेअरिंग (बेअरिंग म्हणजे फिरत्या शाफ्टला आधार देणारा भाग) त्याने केलं. माझी सगळी नोकरी जलविद्युत केंद्राच्या देखभालीत गेली, त्यामुळे या माणसाचं काम मी रोज पाहिलं आहे. कॉलेजात मात्र त्याचं नाव आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किंग्सबरीचा जन्म 1862 सालचा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. शिक्षण सलग झालं नाही. मध्येच कॉलेज सोडून तो मशिनिस्टचं काम शिकला, पुन्हा कॉलेजात गेला, पैसे संपले तसा पुन्हा कारखान्यात. क्लीव्हलंडच्या वॉर्नर अँड स्वेझी या मशीन टूल बनवणाऱ्या कंपनीत त्याने काम केलं. मग कॉर्नेल विद्यापीठात जाऊन 1889 साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. तोवर त्याचं वय सव्वीस झालं होतं. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या हिशेबाने त्याचीही बरीच वर्षं ‘फुकट’ गेली होती.

कॉर्नेलमध्ये रॉबर्ट थर्स्टन हे प्राध्यापक होते, घर्षणाच्या विषयातले त्या काळचे मोठे जाणकार. पेनसिल्व्हेनिया रेलरोडला डब्यांच्या आसांसाठी कोणता बेअरिंग मेटल चांगला हे ठरवायचं होतं. वेगवेगळ्या मिश्रधातूंची अर्धगोल बेअरिंगं टेस्टिंग मशीनवर चढवायची, भार द्यायचा, घर्षण मोजायचं, तक्ता भरायचा, असं ते काम. कंटाळवाणंच म्हणायचं. ते विद्यार्थी किंग्सबरीकडे आलं.

सुरुवातीचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. दुसरा कोणी असता तर सरासरी काढून अहवाल देऊन मोकळा झाला असता. किंग्सबरीचे हात मशिनिस्टचे. बेअरिंग जर्नलवर, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, नीट बसलेलंच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने प्रत्येक बेअरिंग हाताने स्क्रेप करून बसवलं. मग पुन्हा चाचणी घेतली, तर सगळ्या धातूंचं घर्षण जवळपास सारखंच आलं, तेही फार कमी. झीज तर दिसेचना. धातू कोणताही असो, फरक पडत नव्हता, कारण धातू धातूला लागतच नव्हता. मध्ये तेलाचा थर होता आणि सगळा भार त्या थरावर होता.

तुम्ही टूलरूममध्ये होता, म्हणून स्क्रेपिंग पाहिलं असेल. तरी बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. सरफेस प्लेटला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, त्यावर काम घासायचं, उचलून पाहायचं. जिथे निळा लागला तो उंचवटा. फक्त तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा खरवड. सुरुवातीला चार-दोन मोठे डाग दिसतात, मग ते फुटून लहान होतात, आणि शेवटी सगळ्या पृष्ठभागावर सारखे ठिपके येतात. आमच्याकडचे जुने फिटर हे काम करताना कोणाशी बोलत नसत. स्क्रेपरच्या आवाजावरून त्यांना कळायचं की हात जड पडतोय.

पदवीनंतर किंग्सबरी न्यू हॅम्पशायरच्या कॉलेजात शिकवायला लागला. तिथे स्क्रूच्या आट्यांचं घर्षण मोजायला त्याने एक यंत्र तयार केलं होतं. त्यात 6 इंच व्यासाचा आणि सुमारे 50 पौंड वजनाचा पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी नेमका बसवलेला होता. तेल न घालता पिस्टन हाताने फिरवला, तर तो फिरतच राहिला. हवेवर तरंगत होता! सिलिंडर आडवा ठेवला तरी तेच. त्याने त्यावर रीतसर प्रयोग केले आणि हवेवर चालणाऱ्या बेअरिंगचा लेख 1897 साली अमेरिकन नौदल अभियंत्यांच्या नियतकालिकात छापून आला. आज अति अचूक मापन यंत्रांत आणि स्पिंडलमध्ये एअर बेअरिंग सर्रास असतात.

आता थोडं मागे जावं लागेल. इंग्लंडमध्ये 1883 च्या सुमारास बीचम टॉवर नावाचा अभियंता बेअरिंगचं घर्षण मोजत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर तेल त्या भोकातून उलट बाहेर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, तेही तेलाने बाहेर ढकललं. लाकडी खुंटी ठोकली, तिचीही तीच गत. शेवटी प्रेशर गेज लावला, तर काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्माही नव्हता. हा दाब येतो कुठून, याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1886 साली मांडलं. पाइपातल्या प्रवाहाच्या रेनॉल्ड्स नंबरवाला तोच रेनॉल्ड्स. फिरणारा पृष्ठभाग तेलाला चिकटून ओढत नेतो. पुढची फट निमुळती असेल, तर ओढलेलं तेल तिथे दाटतं आणि त्यातून दाब तयार होतो. पावसात वेगात असलेल्या गाडीचं टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतं, तोच प्रकार.

जर्नल बेअरिंगमध्ये निमुळती फट आपोआप मिळते, कारण शाफ्ट बेअरिंगमध्ये किंचित एका बाजूला सरकून फिरतो. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येणारा रेटा (थ्रस्ट) पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची अडचण वेगळी. तिथे एक सपाट चकती दुसऱ्या सपाट चकतीवर फिरते. दोन्ही समांतर, म्हणून निमुळती फट नाही, म्हणून दाब नाही. जहाजांच्या शाफ्टवर एकामागे एक अनेक कॉलर, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणाऱ्या चकत्या, घालून थ्रस्ट वाटून घ्यावा लागायचा, तरी ती बेअरिंगं तापायची.

रेनॉल्ड्सचा लेख वाचताना किंग्सबरीला सुचलेली गोष्ट कागदावर अगदी लहान दिसते. खालची चकती अखंड ठेवायची नाही, तिचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा, म्हणजे आपण ज्याला पॅड म्हणतो तो, मागून एका बिंदूवर टेकवायचा, म्हणजे तो थोडासा कलू शकेल. कॉलर फिरायला लागली की तेल पॅडला पुढच्या कडेला किंचित उचलतं आणि निमुळती फट तयार होते. वेग बदलला, भार बदलला, तेल पातळ झालं, तरी पॅड आपला कोन आपणच बदलून घेतो. बाहेरून काही जुळवावं लागत नाही. तेलाचा तो थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच असतो. 1898 साली त्याने असं बेअरिंग करून तपासलं आणि ते चाललं. मला विचाराल तर यंत्रशास्त्रात इतकी देखणी कल्पना क्वचितच सापडेल.

त्यानंतर ती कल्पना कारखान्यापर्यंत पोहोचायला चौदा वर्षं गेली.

मधल्या काळात त्याने वूस्टर पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं, 1903 साली पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसमध्ये गेला, 1907 साली पेटंटचा अर्ज केला. तिथे अडचण आली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ए. जी. एम. मिचेल नावाचा अभियंता अगदी स्वतंत्रपणे, निव्वळ गणिताच्या बळावर याच बेअरिंगपर्यंत पोहोचला होता आणि त्याचं ब्रिटिश पेटंट 1905 सालचं होतं. किंग्सबरीने आपलं काम त्याआधीचं असल्याचे पुरावे दिले, तेव्हा 1910 साली त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. म्हणून आजही ब्रिटिश वळणाच्या मॅन्युअलमध्ये ‘मिचेल बेअरिंग’ लिहिलेलं असतं आणि अमेरिकन वळणाच्या मॅन्युअलमध्ये ‘किंग्सबरी’. श्रेय दोघांचंही आहे, याबद्दल मला शंका नाही. तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून किंग्सबरी निवडला, कारण तो या शोधापर्यंत वर्कशॉपमधून पोहोचला.

पेनसिल्व्हेनियात सस्केहाना नदीवर होल्टवूड इथे जलविद्युत केंद्र आहे. उभ्या शाफ्टच्या यंत्रात वर जनित्राचा रोटर, खाली टर्बाइनचा रनर (पाण्याने फिरणारं चाक), आणि या सगळ्याचं वजन अधिक पाण्याचा खाली येणारा दाब एकट्या थ्रस्ट बेअरिंगवर. होल्टवूडची रोलर बेअरिंगं हा भार सोसत नव्हती, लवकर झिजून जायची. 1912 साली पाचव्या संचावर किंग्सबरीचं बेअरिंग बसवायचं ठरलं. व्यास 48 इंच, भार सुमारे दोनशे टन, वेग मिनिटाला 94 फेरे. जोखीम त्याने स्वतःच्या खिशावर घेतली होती.

पहिल्या चाचणीत बेअरिंग बिघडलं.

एवढ्या भाराचं यंत्र, समोर ग्राहक, आणि पॅडवरचा बॅबिट, म्हणजे बेअरिंगला अस्तर म्हणून लावलेला मऊ मिश्रधातू, पुसला गेलेला. असा पॅड मी पाहिला आहे. मऊ पांढरा धातू साय ओढल्यासारखा एका कडेला गोळा झालेला असतो. किंग्सबरीने आराखडा बदलला नाही. पॅड पुन्हा नीट स्क्रेप करून बसवायला घेतले, कॉर्नेलमध्ये विद्यार्थी असताना केलं होतं तेच काम. पुन्हा जोडणी केली आणि संच सुरू झाला. या वेळी बेअरिंग चाललं, आणि पुढे अनेक दशकं चालत राहिलं. झीज मोजून हिशेब मांडला गेला, तेव्हा पॅडचा धातू तेराशे वर्षांहून जास्त पुरेल असं निघालं. 1987 साली अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने त्या बेअरिंगला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला.

होल्टवूडनंतर मागे वळून पाहावं लागलं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन आरमाराने किंग्सबरीची आणि ब्रिटिश आरमाराने मिचेलची बेअरिंगं घेतली, आणि शाफ्टवरच्या त्या कॉलरच्या रांगा जाऊन एकच कॉलर उरली. पुढे फिलाडेल्फियात त्याचा स्वतःचा कारखाना झाला. जवळपास सत्तरीत, 1931 साली, त्याने तेलाच्या थरातला दाब विजेच्या साहाय्याने शोधायची पद्धत मांडली. हातांनी सोडवता न येणारं रेनॉल्ड्सचं समीकरण विद्युतवाहक द्रवाच्या टाकीत विजेचा दाब मोजून सोडवायचं. संगणक नसताना! 1943 साली तो गेला.

आता आपल्याकडे या. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात 250 मेगावॅटचे चार संच आहेत. असल्या उभ्या संचांचा सगळा डोलारा कलत्या पॅडच्या थ्रस्ट बेअरिंगवरच उभा असतो. औष्णिक केंद्रांतल्या मोठ्या स्टीम टर्बाइनमध्ये तेच, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत सहवीजनिर्मितीची टर्बाइन आहेत, त्यांतही तेच तत्त्व. आम्ही संच थांबवताना वेग एका ठरावीक मर्यादेखाली आला की ब्रेक लावायचो, कारण मंद वेगात तेलाचा थर टिकत नाही आणि धातूला धातू घासायला लागतो. बरेच दिवस बंद असलेला संच सुरू करण्याआधी रोटर जॅकवर किंचित उचलून पुन्हा खाली सोडायचो, म्हणजे पॅडवर तेल शिरतं. आता बऱ्याच ठिकाणी उच्च दाबाने पॅडखालून तेल सोडायची सोय असते. प्रत्येक पॅडच्या पोटात तापमापक असतो आणि कंट्रोल रूममधला माणूस पाळीभर त्या आकड्यांवर नजर ठेवून असतो. एका पॅडचं तापमान बाकीच्यांपासून फुटून वर चढायला लागलं की झोप उडते. या सगळ्या रीती त्या पातळ थराभोवती तयार झाल्या आहेत.

तुमच्या वर्गातल्या मुलांचं म्हणणं मला साफ अमान्य आहे. मिचेलसारखं गणित ज्याला येतं त्याने त्या वाटेने जावं, ती वाटही तितकीच खरी. पण किंग्सबरीला कॉर्नेलमध्ये जे दिसलं ते आकड्यांत नव्हतं. बेअरिंग नीट बसलेलं नाही, हे बोटांना कळणारा माणूस तिथे उभा होता म्हणून दिसलं. तुमची टूलरूमची वर्षं म्हणजे ते कळणं. आता डिग्रीत फ्लुइड मेकॅनिक्स येईल, तेव्हा रेनॉल्ड्सचं समीकरण परीक्षेपुरतं पाठ करू नका. निमुळत्या फटीत दाब कसा येतो हे एकदा स्वतः कागदावर काढा.

आणि तुमच्या जिल्ह्यात साखर कारखाना असेल, तर गाळप हंगाम संपल्यावर टर्बाइनचं ओव्हरहॉल निघतं. चीफ इंजिनिअर साहेबांना आधी पत्र द्या, विद्यार्थ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. थ्रस्ट बेअरिंग उघडेल त्या दिवशी जा. पॅड उलटा करून त्याच्या मागचा टेकू पाहा, तो मधोमध आहे की एका बाजूला सरकवलेला आहे ते बघा, आणि तसा का असावा हे तिथल्या फिटरला विचारा. टर्बाइन एकाच दिशेने फिरतं की दोन्ही, याच्याशी त्याचा संबंध आहे. बघून आलात की इथेच कळवा, पुढचं बोलू.